कोकराचा मोडलेला पाय : बांधणी आणि देखभाल

दाटीत मेंढीचा पाय पडल्याने, वाघरीच्या, म्हणजे कळप कोंडायच्या, जाळीत अडकल्याने किंवा अडलेली मेंढी सोडवताना जोराने ओढले गेल्याने लहान कोकराचा पाय मोडतो. कोवळे हाड लवकर जुळते, त्यामुळे पाय मोडला म्हणून कोकरू सोडून देण्याचे कारण नाही. मात्र चुकीच्या बांधणीमुळे धड पायही सडू शकतो, म्हणून खरी काळजी तिथे घ्यावी लागते.

प्रथम पाय खरोखर मोडला आहे का, ते पाहावे. मोडलेला पाय मोडीपासून खाली लुळा लोंबतो, अचानक सुजतो आणि कोकरू त्यावर अजिबात भार देत नाही. सांधा गरम व सुजलेला असेल, कोकरू मलूल असेल आणि नाळही ओली किंवा सुजलेली दिसत असेल, तर ते बहुधा सांध्यातील जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि त्याला आधाराच्या कामट्या नव्हे, औषध लागते. हाड करकरते का हे पाहण्यासाठी पाय हलवत बसू नये.

हाड कातडीबाहेर आले असेल, तर ते आत ढकलू नये आणि जखमेवर राख किंवा हळद भरू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 ग्रॅम मीठ घालून त्याने जखम धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी आणि लगेच पशुवैद्यकाला दाखवावे. मेंढ्यांना धनुर्वाताचा धोका असतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे.

मांडीचे किंवा कोपराच्या वरचे हाड मोडले असेल, तर घरी काहीच बांधू नये. बांधणीचे वरचे टोक मोडीपाशीच संपले, तर तिच्या वजनाने खालचा पाय लंबकासारखा झुलतो आणि हाडाची टोके मांसात रुततात. अशा कोकराला खोक्यात निजवून दवाखान्यात न्यावे.

पुढच्या पायाची गुडघ्याखालची नळी मोडली असेल, तर बांधणी करता येते. तरीही ती पशुवैद्यकाला दाखवून घ्यावी. एकाने कोकराला दुखऱ्या पायाची बाजू वर येईल असे आडवे धरावे आणि दुसऱ्याने पाय हलक्या हाताने सरळ ओढून दुसऱ्या पायाशी ताडून पाहावा. त्यानंतर खुरापासून वर, कोपराच्या किंचित खालपर्यंत कापसाचा जाड, एकसारखा थर द्यावा. दोन्ही नख्यांमध्येही कापूस ठेवावा आणि नख्यांची टोके उघडी राहू द्यावीत. थरावरून पट्टी गुंडाळून, कडा घासून गुळगुळीत केलेल्या बांबूच्या दोन कामट्या किंवा उभा चिरलेला पीव्हीसी पाइप बसवावा आणि पुन्हा पट्टी घ्यावी. प्रत्येक वेढ्याने आधीचा वेढा निम्मा झाकला गेला पाहिजे. मोडीच्या वरचा आणि खालचा सांधा बांधणीत आला नाही, तर हाड हलतच राहते. कामट्या बांधण्याची जुनी रीत योग्यच आहे, बिघडते ते उघड्या कातडीवर सुतळी करकचून आवळल्याने. मागच्या पायात मागे वळलेला कोन असतो, तिथे सरळ कामटी बसत नाही, म्हणून तो पाय पशुवैद्यकानेच बांधलेला बरा.

वेदनाशामक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे, पण त्याची मात्रा कोकराच्या वजनावर ठरते.

पहिल्या दिवशी दर काही तासांनी आणि नंतर दिवसातून दोनदा नख्या चाचपाव्यात. त्या गार पडल्या, फाकल्या किंवा सुजल्या, बांधणी ओली झाली किंवा तिला घाण वास येऊ लागला, तर ती त्याच दिवशी सोडून बघावी. पावसाळ्यात ओल्या पट्टीखाली जखम असेल तर अळ्या पडायला वेळ लागत नाही. कोकरू वाढत असल्याने सगळे ठीक दिसले, तरी साधारण आठवड्याने बांधणी सैल करून नव्याने करावी.

कोकराला आईसह लहान, कोरड्या आवारात ठेवावे. त्याला स्वतः उभे राहून पिता येत नसेल, तर दर दोन-तीन तासांनी सडाला लावावे. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला तर पाय बांधण्याच्या आधी चीक पाजावा.

महिन्याच्या आतील कोकराचे हाड बहुधा तीन ते चार आठवड्यांत जुळते, मोठ्याला अधिक वेळ लागतो. बांधणी काढल्यावर पाय बारीक आणि ताठर दिसतो, पण चालण्याने तो सुटतो. निदान आठवडाभर तरी त्याला कळपाबरोबर चरायला नेऊ नये.