मोबाइल मनी आणि बँका: या विषयाचा अभ्यास कुठून सुरू करावा

मोबाइल मनीमुळे विकसनशील देशांतल्या बँकांचं काय होतं, हा विषय घेऊन येणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच भेटीत विचारतात, "मग बँका बंद पडणार का?" मी त्यांना सांगते, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा आणि पैसा नेमका कुठे पडून आहे ते आधी शोधा. मी याच विषयावर प्रबंध लिहिला, पुढे नोकरीही याच क्षेत्रात केली. लेख-अहवाल ढीगभर वाचले, पण विषय खऱ्या अर्थाने उलगडला तो कागदावर जमा-नावे मांडल्यावर.

एक फरक सुरुवातीलाच पक्का करा. आपलं यूपीआय हे मुख्यतः बँक खात्यावर चालतं. मोबाइल मनीत शिल्लक दूरसंचार कंपनीच्या किंवा तिच्यासारख्या बिगर-बँक संस्थेच्या हिशोबात असते आणि ग्राहकाचं बँकेत खातं असावंच लागत नाही. या दोन्हींना "डिजिटल पेमेंट" म्हणून एका पिशवीत घातलं की पुढचं सगळं विश्लेषण फसतं.

आता केनियाचा एम-पेसा घ्या. सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने तो मार्च २००७ मध्ये सुरू केला. समजा, ग्राहकाने कंपनीच्या एजंटाला हजार शिलिंग रोख दिले. एजंट आपल्या फ्लोटमधून, म्हणजे आधीच विकत घेऊन ठेवलेल्या ई-पैशातून (फोनवरच्या शिलकीतून), हजार शिलिंग ग्राहकाच्या खात्यात पाठवतो. या क्षणी व्यवस्थेतला एकूण ई-पैसा एका शिलिंगनेही वाढलेला नसतो. ग्राहकाचा वाढला, एजंटाचा तेवढाच कमी झाला. रोकड एजंटाच्या गल्ल्यात गेली. बँकेला अजून काही कळलेलंही नाही. संध्याकाळी फ्लोट संपत आला म्हणून एजंट ती रोकड बँकेत भरतो आणि नवा फ्लोट घेतो, तेव्हा कुठे विश्वस्त खात्यात, म्हणजे ग्राहकांचा पैसा वेगळा राखून ठेवणाऱ्या बँक खात्यात, हजार शिलिंग जमा होतात. बाजारात जितका ई-पैसा आहे तितकी रक्कम या खात्यांत असलीच पाहिजे, असा दंडक आहे. दूरसंचार कंपनी ती रक्कम कर्जाऊ देऊ शकत नाही. ज्या बँकेत विश्वस्त खातं आहे ती बँक मात्र इतर ठेवींसारखी ती वापरू शकते.

इथेच खरा प्रश्न उभा राहतो. ते हजार शिलिंग आधी उशीखाली होते की दुसऱ्या एखाद्या बँकेत? उशीखाली असतील तर बँकिंग व्यवस्थेत नवी ठेव आली. बँकेतून काढून आणले असतील तर एकूण ठेवी तेवढ्याच राहिल्या, फक्त एका बँकेची किरकोळ ठेव दुसऱ्या बँकेच्या एका मोठ्या खात्यात गेली. पहिल्या बँकेने स्वस्त, विखुरलेली ठेव गमावली, ग्राहकाचा व्यवहार गमावला आणि त्याच्या उलाढालीची माहितीही गमावली. मला यातली शेवटची हानी सर्वांत मोठी वाटते, कारण कर्ज कोणाला द्यायचं हे त्या माहितीवर ठरतं. विश्वस्त ठेवींवरचं व्याज कोणाचं, हाही पोटप्रश्न रंजक आहे. घानाने २०१५ च्या नियमांत त्यातला ८० टक्के वाटा ग्राहकांना द्यायला सांगितलं.

केनियातल्या बँका हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. सुरुवातीला त्यांनी सरकारकडे तक्रारी केल्या. मग २०१० मध्ये बँकांनाही एजंट नेमायची परवानगी मिळाली आणि इक्विटी बँकेसारख्यांनी तिचा भरपूर उपयोग केला. नोव्हेंबर २०१२ मध्ये कमर्शियल बँक ऑफ आफ्रिकाने सफारीकॉमबरोबर एम-श्वारी आणलं. ग्राहकाला दिसतो फोनचा मेनू, पण मागे असतं चक्क बँक खातं, बचत आणि कर्जासकट. कर्ज मंजूर करताना मोबाइल वापराचा इतिहास पाहिला जाई. ३० दिवसांच्या कर्जाला शुल्क होतं ७.५ टक्के. वर्षाच्या हिशोबाने हा दर किती जड होतो ते स्वतः काढून पाहा. शाखेत कधी पाऊल न टाकलेल्या माणसाला बँकेने कर्ज दिलं हे मला मनापासून मोलाचं वाटतं. पण त्याची किंमत झाकून फक्त "आर्थिक समावेशन" म्हणत राहणं मला पटत नाही.

डेटासाठी जागतिक बँकेचं फिंडेक्स सर्वेक्षण २०११ पासून आहे आणि केनियाचं फिनअ‍ॅक्सेस २००६ पासून, म्हणजे एम-पेसाच्या आधीपासून. फिंडेक्सनुसार २०२१ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ३३ टक्के प्रौढांकडे मोबाइल मनी खातं होतं. आकडा पाहताना तो नोंदणीकृत खात्यांचा आहे, चालू खात्यांचा आहे की माणसांचा, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका माणसाकडे दोन-तीन सिम असतात, त्यामुळे नोंदणीचे आकडे फुगलेले असतात.

कार्यकारणभाव सिद्ध करणं सगळ्यात अवघड. एजंट तिथेच जातात जिथे उलाढाल आहे, आणि बँकाही तिथेच शाखा काढतात. विल्यम जॅक आणि तवनीत सुरी या अर्थशास्त्रज्ञांनी घराजवळ एजंट किती वाढले यातल्या फरकाचा आधार घेतला. २०१६ मध्ये त्यांनी मांडलं की एम-पेसामुळे केनियातली सुमारे २ टक्के कुटुंबं गरिबीतून बाहेर आली. या निष्कर्षावर नंतर कडक टीकाही झाली. मूळ निबंध आणि टीका दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पद्धतिशास्त्राच्या वर्गात महिनाभरात कळत नाही ते या एका वादात कळतं.

प्रबंधासाठी देश निवडताना, जिथे नियम मध्येच बदलले असा देश घ्या. टांझानियात २०१४ पासून एका कंपनीच्या वॉलेटमधून दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये पैसे जाऊ लागले. युगांडाने २०१८ मध्ये मोबाइल मनीवर १ टक्का कर लावला आणि लगेच तो अर्ध्यावर आणला. घानाने २०२२ मध्ये १.५ टक्क्याचा ई-लेव्ही, म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्यवहारांवरचा कर, आणला, पुढच्या वर्षी तो १ टक्का केला आणि २०२५ मध्ये रद्द केला. कर लागल्यावर लोक बँकेकडे वळले की पुन्हा रोखीकडे, हा एकच प्रश्न एका चांगल्या प्रबंधाला पुरतो.

नोकरी शोधणाऱ्यांना थोडं वेगळं सांगेन. या क्षेत्रात रोजचं काम असतं ताळमेळाचं: बाजारातला ई-पैसा आणि विश्वस्त खात्यांतली शिल्लक रोज जुळते का, न जुळल्यास फरक कुठे अडकला, कोणत्या एजंटाकडे फ्लोट कमी पडतोय. त्यासाठी हिशेबाचा पाया आणि मध्यवर्ती बँकेची परिपत्रकं मूळ भाषेत वाचायची सवय लागते. मुलाखतीला जाताना त्या देशाची ई-पैशाची नियमावली वाचून जा. निदान विश्वस्त खात्यांचं कलम तरी वाचाच, कारण ती कंपनी किंवा एखादी बँक बुडाली तर ग्राहकाचा पैसा सुरक्षित राहतो का, हे त्यातच लिहिलेलं असतं.