सेव्हिंग अकाउंट ऑनलाइन बँकेत की जवळच्या ब्रँचमध्ये: उघडण्याआधीची तयारी

व्याजदर नंतर बघू. आधी आत्ता जे खातं आहे त्याचं मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि पैसा येतो कुठून, जातो कुठे एवढंच बघा. पगार थेट जमा होतो का, कोणी रोख देतं का, चेक येतात का, स्वतः ब्रँचमध्ये किती वेळा जावं लागलं आणि कशासाठी. बहुतेक लोक उलटं करतात, जाहिरातीतला दर बघून खातं उघडतात आणि मग लक्षात येतं की अरे इथे रोख भरायची सोयच नाहीये. ज्याचं सगळं येणं-जाणं ट्रान्सफरनेच होतं त्याचं ब्रँचशी काम पडतं वर्षातून एखाद्या वेळी, पण ज्याचा धंदा रोखीचा आहे त्याला ऑनलाइन बँक कितीही व्याज देवो, संध्याकाळी गल्ल्यातली रक्कम भरायची कुठे हा प्रश्न राहतोच. काही ऑनलाइन बँका दुसऱ्यांच्या मशीनमधून किंवा दुकानांतून रोख घेतात, तिथे चार्ज किती आणि दिवसाची लिमिट किती ते आधीच विचारून लिहून ठेवा.

आता दर. ऑनलाइन बँकांना शाखांचं भाडं नाही, स्टाफ कमी, म्हणून त्या बऱ्याचदा जास्त व्याज देऊ शकतात हे खरं आहे. पण जाहिरातीत "7 टक्क्यांपर्यंत" असं लिहिलेलं असतं ना, त्यातला "पर्यंत" नीट वाचा. समजा पहिल्या 1 लाखावर 3 टक्के आणि त्याच्या वरच्या रकमेवर 7 टक्के असा स्लॅब आहे आणि तुमच्या खात्यात वर्षभर साधारण दीड लाख राहतात. तर पहिल्या लाखाचे 3,000 आणि वरच्या 50 हजारांचे 3,500, मिळून 6,500, म्हणजे तुम्हाला प्रत्यक्षात पडला 4.33 टक्के. जवळची बँक सरसकट 4 टक्के देत असेल तर तिथे 6,000 मिळाले असते. फरक वर्षाला 500. एवढ्यासाठी बँक बदलायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, मी तरी नुसत्या तेवढ्यासाठी बदलणार नाही. पण रक्कम मोठी असेल आणि फरक खरोखर दोन-तीन टक्क्यांचा असेल तर आळस करू नका, पाच लाखांवर 3 टक्के म्हणजे वर्षाला 15 हजार होतात. हा हिशोब आपल्या सरासरी बॅलन्सवर करायचा, पगाराच्या दिवशी जो आकडा दिसतो त्याच्यावर नाही. तो दर फक्त नवीन ग्राहकांना पहिले काही महिने आहे का, किमान बॅलन्स मोडला तर दंड किती, आणि दर बदलला तर कळवतात कसं हेही बघून घ्या, कारण सेव्हिंगचा दर बँक कधीही खाली आणू शकते, एफडीसारखा तो बांधलेला नसतो. व्याज महिन्याला जमा होतं की तिमाहीला यावर मात्र लोक उगाच डोकं खपवतात, 5 टक्के दराने महिन्याला चक्रवाढ केली तरी वर्षाचे 5.12 टक्केच होतात.

खरा वेळ घालवायचा तो इथे: समोर जे ॲप आहे ती बँक आहे का? बरीचशी छान दिसणारी ॲप्स स्वतः बँक नसतात, पैसा मागे कुठल्यातरी दुसऱ्या बँकेत ठेवतात आणि मध्ये अजून एखादी कंपनी हिशोब सांभाळत असते. अमेरिकेत सिनॅप्स नावाची अशीच एक मधली कंपनी एप्रिल 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचा हिशोब आणि बँकांचा हिशोब जुळेना, लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले, आणि तूट साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास असल्याचं कोर्टाने नेमलेल्या ट्रस्टीने सांगितलं. ॲपवर "तुमची ठेव विमासंरक्षित" असं लिहिलेलं होतं की, पण तो विमा बँक बुडली तर असतो आणि इथे बँक कुठलीच बुडली नव्हती, बुडाला होता मधला. त्यामुळे ॲपच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात कुठल्या बँकेचं नाव आहे ते शोधा, मग आपल्या देशाच्या बँक नियामकाच्या साइटवर जाऊन ते नाव स्वतः टाईप करून तपासा. ॲपने दिलेल्या लिंकवरून जाऊ नका.

विम्याची मर्यादाही त्याच वेळी लिहून ठेवा. भारतात डीआयसीजीसीचे (म्हणजे बँकेतल्या ठेवींचा विमा देणारी रिझर्व्ह बँकेची संस्था) 5 लाख (फेब्रुवारी 2020 च्या आधी 1 लाख होते), अमेरिकेत एफडीआयसी या तशाच संस्थेचे अडीच लाख डॉलर, युरोपियन युनियनमध्ये 1 लाख युरो. ही मर्यादा एका माणसाला एका बँकेत मिळून असते, दर खात्याला वेगळी नाही, म्हणजे एकाच बँकेच्या दोन शाखांत खाती काढली म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही, आणि दोन वेगळ्या नावांची ॲप्स मागे एकाच बँकेत पैसे ठेवत असतील तर तेही एकत्रच धरलं जातं. जवळची आहे, ओळखीची माणसं आहेत म्हणून ही तपासणी सोडायची नाही हां. भारतात सहकारी बँकेतल्या ठेवीला हा विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, आणि बाहेरची पाटी बघून हा फरक अनेकांच्या लक्षातच येत नाही. बँक परदेशी असेल तर विमा कुठल्या देशाचा तेही विचारा. आइसलँडच्या लँड्सबँकीने आइससेव्ह नावाचं ऑनलाइन सेव्हिंग खातं 2006 मध्ये ब्रिटनमध्ये आणलं, व्याज चांगलं म्हणून तीन लाखांच्या आसपास लोकांनी पैसे ठेवले आणि ऑक्टोबर 2008 मध्ये बँकच कोसळली. शेवटी ब्रिटिश सरकारने आपल्या लोकांचे पैसे दिले पण त्यावरून झालेलं भांडण पुढे कोर्टात गेलं आणि निकाल 2013 मध्ये लागला.

पुढची तयारी म्हणजे पैसे बाहेर काढून बघणं. आत टाकणं सगळीकडेच सोपं असतं. खातं उघडल्यावर सगळी रक्कम हलवायच्या आधी एक छोटी रक्कम पाठवा आणि ती जुन्या खात्यात परत आणा, घड्याळ लावून. एकदा कामाच्या दिवशी सकाळी करा आणि एकदा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, कारण पैशाची गरज पडते ती नेमकी तेव्हाच. नवीन माणसाचं खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी किती पाठवता येतात, दिवसाची कमाल मर्यादा किती, ती वाढवायला काय लागतं, हे सगळं बघा. अमेरिकेत सेव्हिंगमधून महिन्याला सहाच "सोयीचे" व्यवहार, म्हणजे ऑनलाइन, फोनवरून किंवा चेकने केलेले, असा नियम होता, तो एप्रिल 2020 मध्ये काढला तरी काही बँकांनी आपल्या अटींत तो तसाच ठेवलाय, म्हणून "नियम काय आहे" याच्यापेक्षा "या बँकेच्या अटीत काय आहे" ते विचारायचं.

मग बिघडलेल्या दिवसाची तयारी. फोन हरवला, सिम बंद पडलं, परदेशात ओटीपी येत नाहीये, किंवा बँकेच्या सिस्टिमला एखादा व्यवहार संशयास्पद वाटला आणि खातं फ्रीझ झालं, तर काय करायचं? हे अकाउंट उघडायच्या आधीच शोधून ठेवा. सरळ कस्टमर केअरला फोन लावा, रात्री नऊला आणि तेही सुट्टीच्या दिवशी, आणि माणूस बोलायला किती वेळ लागतो ते मोजा. दहा मिनिटं नुसती "मुख्य मेनूसाठी नऊ दाबा" ऐकण्यात गेली आणि शेवटी "ॲपमध्ये चॅट करा" असं उत्तर आलं, तर फोन हरवल्यावर चॅट करणार कशावर? पर्यायी नंबर, ईमेल आणि खाते क्रमांक फोनच्या बाहेर, कागदावर लिहून घरात ठेवा. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको.

शाखा आहे म्हणजे यातून सुटलो असं समजू नका. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टिमवर हलवला आणि त्यात 19 लाखांपर्यंत लोक खात्याबाहेर अडकले. शाखा होत्या, कर्मचारी होते, पण शाखेतला कॉम्प्युटर त्याच सिस्टिमवर चालतो, त्यामुळे काउंटरवरचा माणूस तरी काय करणार. सगळं पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला.

तरीही ब्रँचची काही कामं अशी आहेत की ती ॲपवर होतच नाहीत किंवा फार रडवतात. डिमांड ड्राफ्ट, लॉकर, सही-शिक्क्याचं पत्र, आणि सगळ्यात मोठं म्हणजे खातेदार गेल्यावरचा क्लेम. घरात आई-वडील वयस्कर असतील, त्यांना ॲप झेपत नसेल, तर दोन टक्के कमी व्याज घेऊन जवळची बँक बरी असं माझं मत आहे. पण ती बँक निवडायच्या आधी एकदा गर्दीच्या वेळी तिथे जाऊन अर्धा तास बसा. किती काउंटर चालू आहेत, "लंचनंतर या" किती जणांना सांगितलं जातं, आणि खातं उघडायला आलेल्या माणसाच्या गळ्यात विमा पॉलिसी मारली जातेय का, सगळं दिसतं. ही ब्रँच बंद किंवा दुसरीत विलीन होणार आहे का तेही विचारून टाका, उत्तर देताना समोरचा जरा चाचरला तरी कळतं.

कागदपत्रांत वेळ जातो तो नावाच्या स्पेलिंगमध्ये. ओळखपत्रावर वडिलांचं नाव पूर्ण, कराच्या कागदावर फक्त इनिशियल, जुन्या खात्यात लग्नाआधीचं आडनाव, असं असेल तर व्हिडिओ केवायसी अडकणार म्हणून समजा. आधी सगळं एकसारखं करून घ्या. व्हिडिओच्या वेळी मूळ कागद, कोरा कागद आणि पेन हाताशी ठेवा, उजेड समोरून येऊ द्या, नाहीतर लॅमिनेशन चमकतं आणि नंबर वाचता येत नाही. नॉमिनीचा रकाना "नंतर भरू" म्हणून सोडायचा नाही, नंतर कोणीही भरत नाही.

एवढं झाल्यावर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की एकच निवडायची सक्ती नाहीये, अडीअडचणीला लागणारी रक्कम जवळच्या बँकेत आणि बाकीची जास्त व्याजाच्या खात्यात ठेवता येते. पण दोन खाती म्हणजे दोन किमान बॅलन्स, दोन पासवर्ड, आणि एकात व्यवहारच झाला नाही तर ते निष्क्रिय होण्याची भीती, त्यामुळे दर काही महिन्यांनी एखादा छोटा व्यवहार करत राहा.

जुनं खातं बंद करणार असाल तर घाई नको. त्यातून कापले जाणारे हप्ते, विमा, बिलं, वर्षातून एकदाच जाणारी सबस्क्रिप्शनं शोधायला मागचं पूर्ण वर्षभराचं स्टेटमेंट चाळा, सगळं नवीन खात्यावर हलवा, एक-दोन महिने दोन्ही चालू ठेवा. आणि बंद करायचा फॉर्म देण्याआधी सगळी जुनी स्टेटमेंट्स डाउनलोड करून घ्या, खातं बंद झालं की लॉगिनही जातं आणि मग कराच्या कामासाठी तेच कागद मागायला अर्ज करत बसावं लागतं.