आधी ओशट, मग कळकट

गणपती पंधरा दिवसांवर आले की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत माझा भाव वधारतो. दाराशी पिशव्या येऊन पडतात. कुणाची समई, कुणाचं ताम्हन, कुणाच्या सासूबाईंची घंटा. "काका, तुमचा हात फिरला की कशी झळाळी येते!" हाताचं काही नाही हो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनतात तिथं, ३१ वर्षं फिटर होतो. तिथं घासण्याइतकंच कुठं थांबायचं तेही शिकावं लागतं. दोन शतांश मिलिमीटर जास्त निघाले की जॉब, म्हणजे हातातला भाग, भंगारात. घरोघरी मात्र भांडी घासतात ती दिवसभराचा राग काढल्यासारखी.

आमच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक आहे, आजीच्या वेळचा. घोडा ओळखू येतो. घोड्यावर कोण आहे ते पाहुण्यांना सांगावं लागतं. नाक, डोळे, तलवार, सगळं रांगोळीनं नेलं. दर सणाला चिमूटभर रांगोळी आणि अंगठा, असं तीन पिढ्या चाललं. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड आणि चांदी मऊ. भांड्यावरचं काळं हे त्या धातूचंच बनलेलं असतं, त्यामुळे ते खरवडून काढलं की थोडी चांदी, थोडं पितळ मोरीतून वाहून जातं. म्हणून माझ्याकडे जे येतं ते आधी भिजतं. बोट आणि कापूस त्यानंतर. तारेची घासणी आमच्या घरात फक्त जळक्या तव्याला.

पहिलं काम लोहचुंबक लावायचं. फ्रिजच्या दारावरचा चालतो. 'पितळी' म्हणून आलेल्या वस्तूला तो चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. अशा वस्तूला आंबट पाण्यात बुडवायचं नाही आणि पॉलिशही लावायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसून परत द्यायची. दुसरी फसगत लॅकरची. शोभेच्या नव्या पितळी वस्तूंवर पारदर्शक वार्निशासारखा थर असतो. तो जागोजाग उडाला की तिथंच काळे ठिपके पडतात, आणि कितीही घासा, बाकीच्या भागावर काही म्हणजे काही होत नाही. कापसावर थिनर घेऊन, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब बसून आधी तो थर पुरता काढावा लागतो.

आता समई. निम्म्या पिशव्यांमध्ये तीच असते आणि चुकतातही बहुतेक जण तिथंच.

समई एकसंध नसते, ती आट्यांवर जोडलेली असते. वरचा हंस किंवा मोर, मग तेलाची वाटी, मधली दांडी, खालची बैठक. सगळं सुटं करायचं. वर्षानुवर्षांचं तेल आट्यांत सुकून गोंदासारखं झालेलं असतं, त्यामुळे जोर लावला तरी हलत नाही. पकडीनं पिळू नका, पितळावर दातांचे वळ उठतात ते कायमचे. जोडावर उकळतं पाणी सावकाश ओता, जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून घट्ट धरा आणि फिरवा. नाही फिरलं तर पुन्हा पाणी. परवा एक समई चौथ्या खेपेला सुटली.

सुटी केली तरी चिंचेला हात लावायचा नाही. वाटीच्या काठाला जो काळपट-तपकिरी चिकटा असतो तो तेलाचा आहे, काजळी त्यात बसलेली. आंबट पाणी तेलातून खाली जातच नाही. लोक चिंच चोळत बसतात आणि म्हणतात, पितळच हलकं आहे. टूलरूममधली पहिली शिकवण हीच होती, आधी ओशट काढा, मग कळकट. बादलीत कडक पाणी घ्या, दोन लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, वर भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. हातमोजे घाला. अर्धा तास समई त्यात राहू द्या. चिकटा मऊ पडून सालीसारखा सुटतो. नक्षीत अडकलेला काढायला बांबूची कबाबची काडी तिरकी कापून घेतो. लाकूड पितळाला ओरखडत नाही. मग धुवायचं. पाणी थेंब थेंब न होता सरळ पडद्यासारखं ओघळलं की समजायचं, तेल गेलं.

यानंतर आंबट. माझी सासुरवाडी कुडाळची, त्यामुळे घरात आमसुलांचा तुटवडा नाही. बायको त्यांना सोलं म्हणते, आणि भांड्यांसाठी तिची चांगली सोलं घेतली की जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही. जुनी, बुरशीकडे झुकलेली आठ-दहा आमसुलं लिटरभर गरम पाण्यात कुस्करायची. चिंच असेल तर लिंबाएवढा गोळा. काहीच नसेल तर किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, लिटरला एक मोठा चमचा. पितळ किंवा तांबं पाच मिनिटं बुडवा, काढून बोटानं चोळा, बघा, लागलं तर पुन्हा पाच मिनिटं. मीठ घातलं की काम झपाट्यानं होतं, म्हणूनच लिंबू-मीठ प्रसिद्ध आहे. पण पितळावर मीठ घालून तासभर विसरलात तर ते गुलाबी दिसू लागतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लानं वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि मागं तांब्याचा रंग उरतो. मग तो घासून काढण्याशिवाय इलाज नाही, म्हणजे पुन्हा रांगोळीचीच गोष्ट.

बाहेर काढलं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एकदा बुडवा, नाहीतर नक्षीत राहिलेल्या आंबटानं दोन दिवसांत हिरवं धरतं. स्वच्छ पाण्यानं धुवा, लगेच पुसा. आपोआप वाळू दिलं तर नवी मुंबईचं पाणी असो की ठाण्याचं, प्रत्येक थेंबाचा गोल डाग उठतो. एवढं झाल्यावर पितांबरी (ही आमच्या ठाण्याचीच कंपनी) किंवा ब्रासो अगदी थोडं, मऊ बनियनच्या तुकड्यावर. माझ्या मते समईला बफिंग नकोच. मी एकदा आळस करून शेजाऱ्यांची समई बाजारात बफिंगला दिली होती. आरशासारखी होऊन आली, पण दांडीवरच्या वेलबुट्टीची अर्धी पानं सपाट झाली होती. शेजारी खूश झाले. मीच गप्प राहिलो.

त्याच आमसुलांच्या पाण्यात मी एकदा गंजलेली पकड टाकली. म्हटलं, पाणी आहेच तयार, कशाला वाया घालवा. अर्ध्या तासानं काढली तर तोंडाशी गंज नाही आणि अख्खी पकड तांबूस! आधी त्यात तांब्याचे तांबे धुतलेले, त्यांचं तांबं पाण्यात उतरलेलं, ते लोखंड दिसल्याबरोबर त्यावर जाऊन बसलं. टूलरूमवाल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. तेव्हापासून लोखंडाचं पाणी वेगळं, तांब्या-पितळेचं वेगळं.

पितळी पातेल्याच्या आत पांढरट थर असेल तर ती कल्हई, म्हणजे कथील. आतून फक्त साबण आणि स्पंज. चिंच, पावडर, काही नको. आणि रिकामं पातेलं गॅसवर ठेवू नका, कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. कल्हई उडून आतून पिवळं दिसू लागलं तर त्यात ताक, आमटी, सोलकढी ठेवायची नाही, कळकते. आधी कल्हई करून घ्या.

चांदीकडे वळू. आमच्याकडे ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो वास येतो, सडक्या अंड्यासारखा, त्यातला वायू चांदीचा वैरी. त्यातलं गंधक चांदीला धरतं आणि ती काळी पडते. पुण्याच्या बहिणीचं निरांजन वर्षभर पांढरं राहतं, आमचं दिवाळीचं संक्रांतीपर्यंत पिवळं. पण हेच गंधक ॲल्युमिनियमला जास्त जवळचं मानतं, आणि आपण तेवढ्याचा फायदा घ्यायचा. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या खोलगट भांड्यात तळाला ॲल्युमिनियम फॉइल, चकचकीत बाजू वर, त्यावर चांदी. चांदी फॉइलला टेकलेलीच हवी, नाहीतर काही होणार नाही. एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, आणि लिटरभर उकळतं पाणी. फसफसतं, खाडीचा वास येतो, फॉइल काळी पडू लागते. पाच मिनिटांत टाक पांढरा. यात चांदी घासली जात नाही, काळ्यात अडकलेली चांदी जागच्या जागी परत येते. आमच्या खंडोबाला आता एवढंच स्नान. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुवायची जुनी पद्धतही चांगली, पण ती मळासाठी. काळं त्यानं हटत नाही.

फॉइलचं पाणी मोत्यांना, खड्यांना, लाखेवर बसवलेल्या दागिन्यांना नाही. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना तर मुळीच नाही. त्यांचं काळं मुद्दाम केलेलं असतं. माझ्या सुनेची झुमकी मी एकदा 'स्वच्छ' केली होती. टूथपेस्टचा उपाय सगळ्यांना तोंडपाठ आहे, मला आवडत नाही. दात चांदीपेक्षा कितीतरी कठीण असतात. जपून ठेवताना चांदीला रबरबँड लावू नका, रबरात गंधक असतं. झिपच्या पिशवीत, हवा काढून, सोबत खडूचा एक तुकडा.

ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडला तर पाण्यात लिंबाच्या साली घालून दहा मिनिटं उकळा. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला लावायचा नाही, तो त्यालाच खातो. स्टीलवरचे पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे, ते व्हिनेगरनं जातात.

हत्यारांवर मी दिवसभर बोलू शकतो, पण आवरतं घेतो. गंजलेले पाने, अडकित्ता, विळीचं पातं, कुदळ यांवरचं तेल आधी काढा, मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा. वस्तू पूर्ण बुडायला हवी, अर्धवट राहिली तर पाण्याच्या रेषेवर खाच पडते. तीन-चार तासांनी काढून जुन्या टूथब्रशनं घासून बघा. जाड गंज असेल तर रात्रभर. मात्र करवतीचं पातं, स्प्रिंग, असल्या कडक पोलादाच्या वस्तू रात्रभर नकोत, ठिसूळ व्हायची भीती असते. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा खिळे तर अजिबात नकोत, जस्त बुडबुडे काढत निघून जाईल. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापं घ्यायची हत्यारं आम्लाच्या जवळपाससुद्धा नको. तिथं तेलाचं फडकं आणि सबुरी.

बाहेर काढलं की घाई करायची. सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, पुसा, हेअर ड्रायर मारा. दहा मिनिटं तसंच ठेवलंत तर डोळ्यांदेखत नारिंगी चढते. कोमट असतानाच शिलाई मशीनचं तेल लावा. उरलेले डाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं, तेलासकट, एकाच दिशेनं. कानस मात्र तेलापासून लांब ठेवायची, तेलकट कानस घसरते. दातांवर खडू घासून ठेवा, धातूचा चुरा अडकत नाही.

आणि हत्यारांची पेटी बाथरूमच्या माळ्यावर ठेवू नका. मी ठेवली होती. शेजारी फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली, झाकण नीट न लागलेलं. पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर ३१ वर्षं जपलेले पाने गेरूसारखे लाल. बाटलीतली वाफच पेटीत शिरली होती. त्या ॲसिडनं कुठलंही भांडं साफ करायचा मोह टाळा. आणि ते काय, व्हिनेगर काय, ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन निघतो, मोरीएवढ्या जागेत जिवावर बेतेल.

मुठी लाकडी असतील तर त्यांना जवसाचं तेल चोळतो, दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. ते तेल लावलेला बोळा चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना तो आतून तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. गॅलरीच्या गजावर पसरून टाका, कडक झाला की मग डब्यात.