तीन महिन्यांची सॅक भरताना या चुका टाळा

मुंबईहून बँकॉक, तिथून लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया आणि परत. दोन-तीन महिन्यांची ही वाट आता आपल्याकडच्या मुलामुलींच्या चांगलीच पायाखालची झाली आहे. भाडी बदलतात, व्हिसाचे नियम बदलतात, सॅक भरतानाच्या चुका मात्र त्याच. बहुतेक चुका निघायच्या आदल्या रात्री होतात, कारण सामान भरणं हे एका रात्रीचं काम आहे अशी समजूत असते. खालचं सगळं याच वाटेला धरून लिहिलं आहे.

आधी सॅक घेणं, मग ती भरत सुटणं

तीन महिने जायचंय म्हणजे सत्तर लिटरची सॅक लागणार, हा हिशोब मुळात चुकीचा आहे. कपडे धुता येतात. सात दिवसांना जेवढे कपडे लागतात तेवढेच नव्वद दिवसांना लागतात. फरक पडतो तो औषधांत आणि पैशांत. पण दुकानात मोठी सॅक पाहिली की मोह होतो, आणि घरी आणल्यावर उरलेली जागा डोळ्यांत खुपायला लागते. मग तिथे ‘लागलंच तर’ म्हणून एकेक वस्तू शिरते.

पुण्याहून निघालेल्या एका मुलाच्या सॅकचं वजन होतं साडेसतरा किलो. त्याचं स्वतःचं वजन बासष्ट. आत तीन जीन्स, स्लीपिंग बॅग, इलेक्ट्रिक किटली, दोन किलो खाऊ. बँकॉकपर्यंत सामान विमानाच्या पोटात असतं, त्यामुळे काही कळत नाही. लाओसमध्ये हुआय साय ते लुआंग प्रबांग हा मेकाँगवरचा बोटीचा प्रवास दोन दिवसांचा, मधली रात्र पाकबेंग गावात. बोट संध्याकाळी काठाला लागते, अरुंद फळीवरून उतरायचं आणि उभा चढ चढून गावात जायचं. त्याने घाईत सॅक एका खांद्यावर टाकली. कमरेचा पट्टा मोकळा लोंबत होता, जड सामान वरच्या कप्प्यात होतं. सॅकने त्याला मागे खेचलं आणि पाय मुरगळला. पुढचे सहा दिवस लुआंग प्रबांगमध्ये पलंगावर गेले. किटली आणि दोन जीन्स तिथेच वाटून टाकल्या.

दोष चढाचा नव्हता. सॅकचं बहुतेक ओझं कमरेच्या हाडांवर बसायला हवं, खांद्यांनी ती फक्त तोलून धरायची. पट्टा न लावता सॅक वाहणं म्हणजे पोतं वाहणं. हमाल तेही चांगलं वाहतात, पण त्यांना सवय असते.

म्हणून क्रम उलटा करा. आधी सामान जमिनीवर मांडा, वजन करा, मग सॅक घ्यायला जा. या वाटेला ४० ते ४५ लिटर पुरतं. सॅक पुढून सुटकेससारखी उघडणारी हवी. फक्त वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये तळाचा मोजा काढायचा तर सगळा संसार बाहेर काढावा लागतो. उंचीवरून सॅक निवडू नका, पाठीची लांबी मोजा. मान पुढे वाकवली की मागे जो मणका ठळक वर येतो, तिथून कमरेच्या दोन्ही हाडांचे माथे जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात पाहणारे खूप असतात, त्यातून काहीही कळत नाही. आत सहा-सात किलो वजन घालायला सांगा. सगळे पट्टे सैल करा, कमरेचा पट्टा हाडांवर बसवून आधी तो आवळा, मग खांद्यांचे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. दुकानातच पंधरा मिनिटं हिंडा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

भरताना हलकं आणि फुगीर खाली, जड ते पाठीला चिकटून मधोमध, वारंवार लागणारं वर. एकूण वजन नऊ-दहा किलोंच्या वर जाऊ देऊ नका. तिकडच्या स्वस्त विमान कंपन्यांत केबिनची मर्यादा सहसा सात किलो असते आणि त्यात खांद्यावरची छोटी पिशवीही मोजतात. दीड किलोची सॅक आणि दीड किलोचा लॅपटॉप गेला की उरतात चार. सातात बसवायचा अट्टाहास करून जॅकेटच्या खिशांत चार्जर कोंबणारे लोक प्रत्येक विमानतळावर दिसतात. त्यापेक्षा तिकीट काढतानाच चेक-इन वजन विकत घ्या. काउंटरवर तेच कितीतरी महाग पडतं.

भारतातलं सिम पाकिटात ठेवणं

हे सामानाच्या यादीत कुणीच लिहीत नाही. प्रवास मात्र बुटांपेक्षा यानेच जास्त अडतो.

नाशिकच्या एका मुलीने बँकॉकला उतरल्यावर स्थानिक सिम घेतलं आणि आपलं सिम टिश्यूत गुंडाळून पाकिटात ठेवलं. पाच आठवड्यांनी हनोईत पुढचं तिकीट काढायला बसली, बँकेने ओटीपी मागितला. सिम शोधलं तर टिश्यूसकट कधीच कचऱ्यात गेलं होतं. भाऊ नाशिकला सिम कंपनीच्या दुकानात गेला. ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने स्वतः ओळखपत्र घेऊन यावं, असं उत्तर मिळालं. दुसरं कार्ड होतं, पण त्याच बँकेचं आणि त्याच नंबरला जोडलेलं. शेवटी हॉस्टेलमधल्या एका भारतीय मुलाने तिला रोख डॉलर दिले आणि भावाने त्याच्या खात्यात इथून रुपये भरले. असा मुलगा प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतोच असं नाही.

करायचं ते निघायच्या किमान पंधरा दिवस आधी करा. प्रीपेड नंबर असेल तर परत येण्याच्या तारखेच्या पुढे जाणारं रिचार्ज मारा. वैधता संपली की काही दिवसांनी येणारे मेसेजही बंद होतात, आणि तीन महिन्यांच्या प्रवासात ती हमखास मध्येच संपते. आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच चालू करून घ्या, तिकडून ते करायलाही ओटीपी लागू शकतो. भारतातलं सिम फोनच्या एका खाचेत कायम, दुसऱ्या खाचेत स्थानिक सिम किंवा ई-सिम. भारतातल्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा आणि त्यावर येणारे कॉल उचलू नका. ओटीपीचा मेसेज घेण्याला सहसा पैसे पडत नाहीत. फोनला एकच खाच असेल तर एक स्वस्तातला जुना फोन फक्त या सिमसाठी न्या. दीडशे ग्रॅम वजन याच्यासाठी खुशाल वाढू दे. बँकेला ईमेल नोंदवून द्या आणि ओटीपी ईमेलवरही येतो का ते विचारा.

कार्डाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या १६ मार्च २०२० पासूनच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी चालू असतं. परदेशातला वापर ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. दोन कार्डं, दोन वेगळ्या बँकांची. एक अंगावर, एक सॅकच्या तळाशी. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी दोनशेहून जास्त बाट कापतं, तेव्हा थोडे थोडे पैसे काढत बसू नका. आणि मशीनने ‘रुपयांत हिशोब करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर तुमच्या नव्हे, त्यांच्या सोयीचा असतो.

डॉलर कोरे हवेत. किंचित फाटलेली, शिक्का मारलेली नोट कंबोडियात शांतपणे परत करतात.

कपाटातले बूट

चांगले महागाचे बूट तीन पावसाळे कपाटात राहिले तर ते नवे राहतात, असं वाटतं. आतल्या आत ते मेलेले असतात. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या सोलचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेतली वाफ हळूहळू तो फोडत जाते. मुंबई, कोकण, गोव्यात तर विचारूच नका. वरून काही दिसत नाही. मग कुठल्यातरी उतारावर सोल जबड्यासारखा उघडतो. चिकटवून उपयोग नसतो, कारण ज्याला चिकटवायचं तोच थर भुगा झालेला असतो. वापर नसलेले बूट आधी खराब होतात, वापरातले उशिरा.

मधल्या थरावर अंगठा जोरात दाबा. बारीक भेगा दिसल्या, चिकट लागलं किंवा भुसा निघाला तर बूट गेले. ठीक वाटले तरी निघण्याआधी तेच मोजे घालून पंधरा-वीस किलोमीटर चाला, सिंहगड दोनदा चढून या. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालणाऱ्यांना काय सांगायचं? मोठ्या मापाचे पाय असतील तर व्हिएतनाममध्ये घेऊ या भरवशावर जाऊ नका, मोठी मापं तिथे सहज मिळत नाहीत. या वाटेला खरं तर उंच बूट लागतही नाहीत. चांगल्या पकडीचे साधे बूट आणि एक पट्ट्याची सँडल पुरते.

तिकडे काय, गरमच असतं

नाही. जानेवारीत हनोईत रात्री स्वेटर लागतो आणि उत्तर व्हिएतनाममधल्या सापा आणि हा-ज्यांग या भागांतल्या डोंगरात पारा कधी शून्याजवळ जातो. घरांना हीटर नसतात, मोटरसायकलवर वारा लागतो ते वेगळंच. रात्रीच्या एसी बसमध्ये तर बाराही महिने थंडी. पण म्हणून जाड जॅकेट नेऊ नका. पातळ थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर विंडचीटर. तिन्ही मिळून एका जॅकेटपेक्षा कमी जागा घेतात आणि वेगवेगळे वापरता येतात.

बाकी कपडे: चार टी-शर्ट, दोन लांब पॅंट, एक हाफ पॅंट, पाच अंतर्वस्त्रं, तीन जोड मोजे. जीन्स एकही नाही. सातशे-आठशे ग्रॅमची असते आणि दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. गुडघे झाकणारी लांब पॅंट देवळांसाठी लागतेच. मुलींनी लक्षात ठेवावं, अंगकोरवाटच्या सर्वात वरच्या मजल्यावर जाताना उघड्या खांद्यांवर ओढणी घेऊन भागत नाही, बाह्यांचाच कपडा लागतो.

टॉवेलसाठी हजार रुपयांचा मायक्रोफायबर घेण्याआधी घरातला सुती पंचा आठवा. हलका, तासाभरात वाळतो, कुबट वास येत नाही, उन्हात डोक्याला बांधता येतो. स्लीपिंग बॅगेऐवजी जुन्या मऊ सुती साडीची पिशवी शिवा. साडेचार मीटर कापड आडवं दुमडायचं आणि दोन्ही बाजू शिवायच्या, वर तोंड उघडं. सव्वादोन मीटर लांब खोळ तयार होते. स्वस्त हॉस्टेलच्या संशयास्पद गाद्यांवर याहून चांगलं काही नाही. दोरी चार मीटर, चिमटे सहा, धुण्याच्या साबणाची अर्धी वडी.

पावसासाठी फक्त रेनकव्हरवर विसंबू नका. ते पाठीकडची बाजू झाकत नाही, पाणी तिथूनच आत जातं. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा.

कापलेली गोळ्यांची पट्टी

केमिस्टकडून चार गोळ्या मागितल्या की तो कात्रीने पट्टी कापून देतो. नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्यावर. कस्टममध्ये अशी निनावी गोळी म्हणजे फुकटची चौकशी. पूर्ण पट्ट्या घ्या, बिल ठेवा, रोजच्या औषधांसाठी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या, आणि औषधं लागतात त्याच्या सव्वापट न्या. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी कडक वेदनाशामकं यांच्याबाबत त्या त्या देशाचा नियम आधी बघा. पॅरासिटामॉल आणि ओआरएस तिकडेही मिळतं, पोतंभर नेऊ नका.

काही ओझरत्या

पॉवर बँक चेक-इन सामानात कधीच नाही. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. १०० पर्यंत परवानगी न घेता चालते, पण तो आकडा पॉवर बँकेवर वाचता यायला हवा. आकडा पुसलेली जप्त होऊ शकते. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवरच पेटलं, तेव्हापासून अनेक कंपन्या विमानात ती वापरूही देत नाहीत. शेवटच्या क्षणी गेटवर सॅक विमानाच्या पोटात टाकायला सांगितली तर पॉवर बँक आधी बाहेर काढा. म्हणूनच ती वरच्या कप्प्यात हवी.

पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते, ते सहा महिने मुंबईहून निघायच्या तारखेपासून मोजू नका, शेवटच्या देशात शिराल त्या तारखेपासून मोजा.

स्वतःचं कुलूप न्या, हॉस्टेलच्या लॉकरला नसतं. कडी बारीक असू द्या, जाड कडी लॉकरच्या भोकात जात नाही.

फोटो सहा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे. पासपोर्ट, विमा, परतीचं तिकीट कागदावरही.

ई-सिगारेट घरी ठेवा. थायलंड आणि सिंगापूर, दोन्हीकडे बेकायदा आहे.

आता खाऊ. आई मसाल्यांच्या पुड्या भरून देणार, त्या तपासा. कांदा-लसूण मसाल्यात बहुधा खसखस असते आणि येताना-जाताना सिंगापूर किंवा दुबईत उतरणार असाल तर खसखस तिथे अमली पदार्थांच्या नियमांत येते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर विमानाच्या चेक-इन सामानातही चालत नाहीत. तेलामुळे सुकं खोबरं आपोआप तापू शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोजतात. लोणच्याची बरणी तेल गाळते आणि कपड्यांना लागलेला तो वास तीन महिने सोबत करतो. मेतकूट न्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या, दोन्ही मिळून अर्धा किलो. पहिल्या आठवड्यात संपेल. मग भात आणि मासे तिकडेही मिळतातच.