सुईआधी वही

देशी मेंढ्यांच्या जनुकीय विविधतेवर काम करायचं ठरलं की नव्या विद्यार्थ्याची पहिली ओढ प्रयोगशाळेकडे असते. माझीही होती. डीएनए काढणं, त्याच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती करणारी पीसीआर लावणं हे सरावाने जमतं. माझं वर्ष वाया गेलं ते कळपात.

एकाच मोठ्या कळपातून मी ४० मेंढ्यांचं रक्त घेतलं. विश्लेषणात जातीच्या आतच एक वेगळा गट उठून दिसला आणि काहीतरी नवं सापडलं म्हणून मी हरखलो. परत जाऊन मेंढपाळांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, यातल्या निम्म्या त्या काळ्या एडक्याच्या लेकी." सावत्र बहिणींनाच मी जातीतला वेगळा प्रकार म्हणून मांडणार होतो!

तेव्हापासून सुईआधी वही काढतो. कळपात एडके किती, एडका कुठून आणला, किती वर्षं कळपात आहे, ही मेंढी कुणाच्या पोटची. एका जातीचे २५ ते ५० नमुने चालतात, पण ते बऱ्याच कळपांतून, प्रत्येकातून दोन-चारच घ्या. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत ठेवा. हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते पीसीआरला अडवतं. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधीच काढून ठेवा.

एडक्यांची संख्या का विचारायची, ते कळपाची प्रभावी संख्या (जनुकांच्या दृष्टीने तो किती जनावरांइतका आहे) एकदा स्वतः मांडून बघा. नर आणि माद्यांच्या संख्येच्या गुणाकाराची चौपट करायची आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. २०० मेंढ्यांमागे १० एडके असतील तर उत्तर येतं सुमारे ३८. म्हणजे २१० जनावरांचा कळप जनुकांच्या हिशेबात ३८ चाच! एडके २० केले की तेच ७३ च्या आसपास जातं. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा पोटात गोळा आला होता.

मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, खुणा म्हणून) वापरणार असाल तर एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, शिफारशीतलेच घ्या, म्हणजे इतरांच्या निष्कर्षांशी तुलना जमते. डीएनएतल्या एकेका अक्षराचे हजारो फरक एकदम वाचणाऱ्या एसएनपी चिपवर मात्र आंधळा विश्वास नको. तिच्यावरच्या खुणा निवडताना बहुतेक वेळा सुधारित जाती समोर होत्या, त्यामुळे देशी जातीतली विविधता आहे त्याहून कमी दिसू शकते.

सुंदरबनातली गारोल मेंढी अंगाने अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. त्यामागचा एफईसीबी हा जनुकीय बदल २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत नेमका ओळखला गेला आणि नंतर गारोलमध्येही तोच मिळाला. गारोल पाळणाऱ्यांना जुळ्यांची खोड कधीपासून ठाऊक होती. माझ्या वहीत म्हणून एक रकाना 'जुळी' असा आहे.