मुलांच्या हाताला खाज, पुरळ, चिरा? या चुका टाळा

पोराच्या हातावर पुरळ दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, काय खाल्लंस? मग अंडी बंद, दूध बंद, आणि हात मात्र तसाच. फक्त हातावर एक्झिमा (कातडी लाल, कोरडी होऊन खाजणं) असेल तर बहुतेक वेळा हाताला काय लागतंय ते बघायचं असतं.

त्यातही लोक आज कशाला हात लावला एवढंच आठवतात. कॉन्टॅक्ट ॲलर्जी, म्हणजे कातडीला लागलेल्या गोष्टीची ॲलर्जी, उशिरा उठते, साधारण एक ते तीन दिवसांनी, म्हणजे शनिवारी स्लाइम (तो लिबलिबीत खेळायचा गोळा) खेळलं तर पुरळ सोमवारी येणार आणि बिचाऱ्या सोमवारच्या चित्रकलेच्या रंगांना शिव्या बसणार. म्हणून मागच्या तीन-चार दिवसांची यादी करा. स्लाइमवर माझा खास राग आहे, कारण त्यातल्या बोरॅक्स नावाच्या क्षाराने कातडी चुरचुरते ती वेगळीच, शिवाय गोंदात आणि लिक्विड सोपमध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असू शकतं, त्याची ॲलर्जी होते. हेच काही वेट वाइप्समध्येही सापडतं. युरोपियन युनियनने अंगावर लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये त्यावर 2017 पासून बंदी घातली, पण धुऊन टाकायच्या साबणात थोडं चालतं. बाकी नेहमीचे संशयित म्हणजे निकेल (खोटे दागिने, काही खेळणी), सुगंध, रबर, आणि काळ्या टेम्पररी टॅटूतलं पीपीडी नावाचं रंगाचं केमिकल. ‘नॅचरल’ लिहिलंय म्हणून बिनधास्त राहू नका, सुगंधी तेलांचीही ॲलर्जी होते.

पण सगळंच ॲलर्जी नसतं हो! सारखं पाणी, साबण आणि लाळ यांनीच हात जास्त बिघडतात. अंगठा चोखणाऱ्या मुलाचा तेवढा अंगठाच लाल असेल तर उत्तर समोरच आहे. कोपराच्या आत किंवा गुडघ्यामागे आधीपासून एक्झिमा असेल तर हाताची कातडीही लवकर हार मानते. कोमट पाणी, बिनवासाचं सौम्य क्लीन्झर, बोटांच्या बेचक्या नीट टिपायच्या आणि लगेच जाड मॉइश्चरायझर, एवढं काही आठवडे नेटाने करून बघा.

टेस्टचाही घोळ होतो. रक्ताची ॲलर्जी टेस्ट कॉन्टॅक्ट ॲलर्जीसाठी उपयोगाची नाही, पाठीवर पट्ट्या लावून करतात ती पॅच टेस्ट लागते, पट्ट्या दोन दिवस ठेवतात, मग काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, रिझल्ट चुकू शकतो.

घरात पडलेली ट्यूब फासणं ही तर फारच वाईट सवय. नायट्यावर स्टेरॉइड लावलं तर तो वाढतो आणि ओळखूही येत नाही, निओमायसिन या अँटिबायोटिकवाल्या मलमाचीच ॲलर्जी होऊ शकते. रात्री खाज वाढतेय, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे आणि घरातले बाकीचेही खाजवतायत, तर खरूज असू शकते, मग सगळ्यांनाच औषध लागतं. पिवळे खपले, पू किंवा ताप दिसला तर घरी प्रयोग नकोत, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.