महागडं घड्याळ ‘गुंतवणूक’ म्हणून घेताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर एक गृहस्थ वडिलांचं रोलेक्स सबमरिनर विकायला माझ्याकडे घेऊन आले. घड्याळ अस्सल, मशीन तंदुरुस्त, वेळ चोख. पण डोळ्याला भिंग लावून केस, म्हणजे घड्याळाची धातूची बाहेरची पेटी, फिरवली आणि वाईट वाटलं. पट्टा जिथे अडकतो ते चारही कोपरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी ते हौसेने चकचकीत करून आणलं होतं.

पॉलिश म्हणजे साफसफाई नव्हे, धातू घासून काढणं. कंपनी केसला जी धार आणि सपाट पृष्ठभाग देते, तो एकदा गेला की गेला. जुन्या घड्याळांचा जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी तीच धार बघतो. ओरखडे त्याला चालतात, झिजलेली कड चालत नाही. सर्व्हिसिंगला देताना पावतीवर स्पष्ट लिहून घ्या: पॉलिश करू नये, डायल आणि काटे विचारल्याशिवाय बदलू नयेत, बदललेले सुटे भाग परत द्यावेत. पिवळट पडलेली जुनी डायल नव्यापेक्षा जास्त किंमत आणू शकते, हे दुरुस्तीच्या काउंटरवर तुम्हाला कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

आता मूळ प्रश्न. महागडी घड्याळं किंमत टिकवतात का? मोजकी टिकवतात. स्टीलचं रोलेक्स डेटोना किंवा जीएमटी-मास्टर, ऑडेमार पिगेचं रॉयल ओक, पाटेक फिलिपचं नॉटिलस यांना मागणी जास्त आणि माल कमी, म्हणून शोरूमच्या वरचा भावही मिळतो. बाकीच्या बहुतेक नामांकित स्विस घड्याळांचं तसं नाही. दुकानाची पायरी उतरलात की पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, गेला असं धरून चाला. ‘ब्रँड मोठा म्हणजे भाव टिकणार’ ही सगळ्यात महाग पडणारी समजूत. भाव मॉडेलचा असतो, नावाचा नाही.

आणि त्या मोजक्यांचाही भाव कायम चढता नसतो. नॉटिलसचं 5711 हे मॉडेल स्टीलमध्ये 2006 साली आलं, 2021मध्ये कंपनीने ते बंद करायचं ठरवलं. शेवटी त्याची अधिकृत किंमत सुमारे 35 हजार डॉलर होती. 2022च्या सुरुवातीला बाजारात ते लाख डॉलरच्या कितीतरी वर विकलं जात होतं. डिसेंबर 2021मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्याच्या खास निळ्या रंगाच्या डायलचं एक 5711 तर सुमारे 65 लाख डॉलरला गेलं. त्या बातम्या वाचून ज्यांनी चढ्या भावात खरेदी केली, त्यांच्या हातात असताना 2022च्या मध्यापासून बाजार घसरला. घड्याळ तेच होतं, खरेदीची वेळ चुकली.

आपल्याकडे अजून एक समजूत घट्ट आहे: सोन्याचं घ्या, सोनं कुठे जातंय? 18 कॅरेट म्हणजे 75 टक्के सोनं. केसमध्ये 40 ग्रॅम धातू असेल तर शुद्ध सोनं 30 ग्रॅम. त्या 30 ग्रॅमचा आजचा भाव काढा आणि घड्याळाच्या किमतीशी ताडून पाहा. फरक दिसेल तो कारागिरीचा आणि नावाचा, आणि विकताना कात्री त्यालाच लागते. सोनं हवं असेल तर वळं घ्या.

हिशेबही पूर्ण मांडा. आठ लाखांचं घड्याळ पाच वर्षांनी आठ लाखांलाच विकलं, तर ‘पैसे वसूल’ वाटतं. महागाई 6 टक्के धरली तर ते आठ लाख तोवर 10 लाख 70 हजारांच्या घरात जायला हवेत. त्यात सर्व्हिसिंग आणि विकून देणाऱ्याचं कमिशन वेगळं. शिवाय 22 एप्रिल 2025पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, घेतो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, त्यासाठी बिल जपावं लागतं.

बिलाचं एवढंच काम नाही. बॉक्स, वॉरंटी कार्ड, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या, सर्व्हिसच्या पावत्या हे सगळं एका पिशवीत ठेवा. कागद नसलेलं अस्सल घड्याळही घेणारा आधी संशयाने बघतो आणि मग भाव पाडतो.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं, तर लगेच मशीन उघडू देऊ नका. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण यांतल्या लोहचुंबकाने आतली बारीक स्प्रिंग चिकटते आणि वेळ पुढे धावते. चांगला घड्याळजी आधी चुंबकत्व तपासतो. ते उतरवायला काही मिनिटं लागतात, झाकण उघडावं लागत नाही.

जुन्या घड्याळांकडे वळणाऱ्यांसाठी आपल्या मुंबईचं एक. फाव्र-लुबा, वेस्ट एंड, एचएमटी यांची जुनी मशीनं घेऊन, डायल नव्याने रंगवून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ओळखायला भिंग पुरे. अक्षरांच्या कडा पसरलेल्या असतात, मिनिटांच्या रेषा आकड्यांच्या समोर नीट येत नाहीत, आणि पन्नास-साठ वर्षांच्या घड्याळाची डायल मात्र काल रंगवल्यासारखी भडक असते. आवडलं म्हणून हातात घालायला जरूर घ्या, पण जुन्या अस्सल डायलचा भाव मोजू नका.

त्या गृहस्थांना मी घड्याळ इतक्यात न विकण्याचा सल्ला दिला. वडिलांनी ते ज्या दुकानातून घेतलं होतं तिथली पावती घरच्या कपाटात असण्याची शक्यता आहे. ती सापडली की पुन्हा या, म्हटलं.